पेटीतले पागोटे आणि दत्तजयंतीचे कीर्तन

॥ श्री दत्त ॥

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब बहादूर,
तहसील कचेरी, उदगीर, जिल्हा बिदर.

अर्जदार : अवधूत व्यंकटराव हंडरगुळीकर, वय ५१, धंदा मदरशात मराठी शिकविणे, राहणार बाराघरांचा चौक, स्टेशन रस्ता, उदगीर, घर नंबर ५.

सामनेवाले : अण्णाराव शिवराम कमठाणे, पेन्शनर नाकेदार, अध्यक्ष, बाराघर सामाईक चौक मंडळी, घर नंबर १.

विषय : अर्जदाराच्या गैरहजेरीत अर्जदाराच्याच पागोट्याने अर्जदाराविरुद्ध दिलेले मत रद्द होणे, सदरहू पागोटे मोकळे होणे, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेचे कीर्तन चौकात होणे याबाबत.

संदर्भ : (१) मंडळीचा करारनामा, सन १३३४ फसली, कलमे ७, ९ व ११. (२) मंडळीचा ठराव, कार्तिक वद्य एकादशी. (३) हुजूर कचेरीने दिलेली जमावाची परवानगी, ता. ८ दय १३४५ फसली.

महोदय,

१. अर्जदार अदबीने कळवितो की, स्टेशनच्या रस्त्यावर बारा गृहस्थांनी मिळून अकरा वर्षांमागे एक जागा घेतली आणि मध्ये चौक सोडून भोवती बारा घरे बांधली. घर ज्याचे त्याचे. चौक, विहीर, दिंडीदरवाजा, ओसरी आणि औदुंबराचे झाड एवढे मात्र सर्वांचे. जे सर्वांचे त्यावरून भांडण व्हायचेच, हे सर्वांनाच ठाऊक होते. म्हणून चौदा कलमांचा करारनामा करून तो रीतसर रजिस्टर केला. भांडणे त्यानंतरही झाली, पण ती कलमवार झाली, एवढा फायदा कबूल केला पाहिजे.

२. त्या करारनाम्याचे सातवे कलम असे : "सभेस ज्या घरमालकास येणे जमणार नाही त्याने आपले पागोटे पाठवावे. ते ओसरीतील खुंटीवर ठेवून त्या घरमालकास हजर समजावे व त्याचे मत अध्यक्षाच्या मताबरोबर धरावे." हे कलम कोणी सुचविले, असे हुजूर विचारतील. अर्जदारानेच सुचविले. लपवून काय होणार? अर्जदारास कीर्तनाचे वेड लहानपणापासून आहे. आज देवणीला कीर्तन, उद्या भालकीला, परवा नळेगावला. आणि इकडे सभा कशाची, तर विहिरीचा पोहरा उपडा ठेवावा की उताणा, याची. हरिकथा सोडून पोहऱ्याजवळ बसणे जिवावर येई. तेव्हा डोके कीर्तनाला आणि पागोटे सभेला, अशी सोय अर्जदाराने आपल्या हाताने करून घेतली. पहिले अध्यक्ष देवमाणूस होते. मत देण्याआधी ते खुंटीकडे बघून विचारीत, "अवधूतराव असते तर काय म्हणाले असते?" आणि तसेच मत देत. म्हणून आठ वर्षे ह्या कलमाची नांगी कोणाला दिसली नाही. तीन वर्षांमागे ते वारले आणि सामनेवाले अध्यक्ष झाले. सामनेवाल्यांनी उमर सगळी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर घालविली. ते खुंटीला काही विचारीत नाहीत. ते पागोटी मोजतात.

३. आता कीर्तनाविषयी. दरसाल दत्तजयंतीस सूर्य मावळताना चौकातल्या औदुंबराखाली कीर्तन होते. खर्च अर्जदाराचा, बिछायत ज्याच्या त्याच्या घरची. पण अर्जदाराच्या घरी ह्या कीर्तनाचे महत्त्व निराळे आहे. अर्जदाराचे कुटुंब सौ. कस्तुराबाई दोन वर्षांमागे विहिरीच्या निसरड्या पायरीवरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. खाट दारात, तोंड चौकाकडे. देऊळ अर्ध्या कोसावर. चार माणसे लावून खाटेसकट नेतो म्हणालो, तर म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावर एकदा जायचंच हाय. त्याची रंगीत तालीम देवाच्या दारात कशाला?" तेव्हा वर्षाकाठी त्यांच्या कानी पडणारी हरिकथा ती हीच एक. अर्जदार गावोगाव शंभर कीर्तने ऐकतो. कुटुंबाच्या वाट्याला एक. तेवढ्या एकावर त्या वर्ष काढतात. बुवांनी कुठे थांबून पाणी प्यायले तेही त्यांना पाठ असते.

४. मग सामनेवाल्यांस त्या कीर्तनाचे वावडे का? मागील साली उमरीचे हरिदास रेणुकादासबुवा आले होते. बुवांचा गळा असा की औदुंबराची पाने हलायची थांबत. उत्तररंगात त्यांनी दृष्टांत दिला : एक नाकेदार होता. देवाच्या नंदादीपाला चाललेले तुपाचे भांडेसुद्धा त्याने काट्यावर चढविले. पुढे तो मेला आणि देवाच्या दारी गेला, तर देव म्हणाला, जरा थांबा नाकेदार, आमचा काटा रिकामा होऊ द्या. सगळा चौक हसला, आणि हसता हसता अकरा घरांची तोंडे घर नंबर १ कडे वळली. बुवा उमरीचे. सामनेवाले कोण, नाकेदार कोण, त्यांना गंधवार्ता नव्हती. हा दृष्टांत ते नायगावलाही देतात. पण सामनेवाले उठले, चटई गुंडाळली आणि घरात गेले. अर्जदारही त्या वेळी हसला होता. मोठ्याने हसला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण सरकारपुढे खोटे का लिहावे?

५. येथवर पूर्वरंग झाला; आता हुजुरांनी उत्तररंगास कान द्यावा. कार्तिक वद्य एकादशीस सभा बोलाविली. नोटिशीत विषय होता "विहिरीचा रहाट व इतर". त्या दिवशी अर्जदार रेणुकादासबुवांस आमंत्रण देण्यासाठी उमरीस गेला होता. प्रवासात टोपी, म्हणून पागोटे घरी खुंटीवर. सभेचे बोलावणे आले तेव्हा कुटुंबाने खाटेवरूनच सांगितले, "रहाटाचंच हाय ना? मग न्या की पागोटं." आणि "इतर" ह्या शब्दात काय भरले आहे ते कोणाला ठाऊक? सामनेवाल्यांनी रहाट चार वाक्यांत उरकला आणि ठराव मांडला : करारनाम्याच्या नवव्या कलमाप्रमाणे सामाईक चौकात गुरे, वाळवण अथवा आवाज करणारी वस्तू ठेवण्यास मनाई आहे, हरिदास हा टाळ, वीणा व मृदंग यांसह आवाज करतो, सबब हरिदास चौकात ठेवू नये.

६. मते अशी पडली. ठरावाच्या बाजूने चार माणसे. विरुद्ध पाच माणसे. येथे खरे तर देव जिंकला होता. पण खुंट्यांवर तीन पागोटी होती. पैकी एक रामकिशनरावांचे. ते चार वर्षांपासून हैदराबादेस नोकरीवर आहेत आणि त्यांचे पागोटे कायमचे खुंटीवर आहे. त्यात चिमणीने घरटे केले असून तीही बहुधा अध्यक्षाच्याच बाजूची धरली जाते. दुसरे, घर नंबर ८ च्या साखराबाईंच्या कैलासवासी मालकांचे. तिसरे अर्जदाराचे. तिन्ही अध्यक्षाकडे. चार आणि तीन सात, विरुद्ध पाच. ठराव पास. म्हणजे सरकारने जे कीर्तन करा म्हणून परवानगी दिली, त्यास अर्जदाराच्या पागोट्याने नाही म्हटले.

७. अर्जदार तिसऱ्या दिवशी आमंत्रण देऊन, बुवांचा होकार घेऊन, गाडीतून गुणगुणत उतरला. दिंडीदरवाजातच शेजारचे मलप्पा अडत्ये भेटले. म्हणाले, "अय्यो मास्तर, आनंदानं काय येऊन राहिला? तुमीच बंद केला न्हवं कीर्तन!" अर्जदार म्हणाला, मी तर उमरीला होतो. मलप्पा म्हणाले, "तुमी होता उमरीला. तुमचं पागोटं इथंच हाय, लई कडक बोललं." हे मलप्पा पाचांपैकी, कीर्तनाच्या बाजूचे, म्हणून त्यांचा राग धरला नाही.

८. घरात गेल्यावर दिसले की खाटेचे तोंड फिरले आहे. कुटुंब भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रागावल्या असत्या तर बरे होते. एवढेच म्हणाल्या, "माझ्याच हातानं दिलं मी ते." तेव्हापासून खाट तशीच आहे. दारातून उजेड येतो तो पाठीवर येतो. अर्जदाराने पुष्कळ सांगितले की चूक सातव्या कलमाची आहे आणि सातवे कलम माझे आहे. पण खाट फिरली नाही.

९. अर्जदार सामनेवाल्यांकडे गेला व फेरविचार करा म्हणाला. सामनेवाल्यांनी विहिरीच्या ओट्यावर मंडळी जमविली. त्या वेळी जे घडले ते हुजुरांनी मुद्दाम ध्यानी घ्यावे. साखराबाई सात वर्षे दर सभेला स्वतः येऊन बसतात. पण त्यांचे डोके मोजत नाहीत, वर टांगलेले मालकांचे पागोटे मोजतात, आणि तेही अध्यक्षाच्या बाजूने. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी हितं जित्ती बसून राहिले, आन् तुमी त्या मुंडाशाला ईचारता? ते सात वर्सांत येकदा तरी बोललं का?" सामनेवाले म्हणाले, "बाई, कलमात पागोटं लिहिलंय." साखराबाई म्हणाल्या, "असं व्हय?" ओसरीत गेल्या, पागोटे खुंटीवरून काढले, झटकले, आणि भर ओट्यावर डोक्यावर ठेवले. पदराच्या वर पागोटे. "आता मोजा. मी कीर्तनाच्या बाजूनं हाय."

१०. कोणाला हसू आवरेना, कोणाला बघवेना. एक गृहस्थ विहिरीत बघू लागले. सामनेवाल्यांनी मात्र डोळ्यावर चश्मा चढविला, करारनामा उलगडला आणि निवाडा दिला : पागोटे नियमात बसते, डोके बसत नाही, सबब मत धरता येत नाही. साखराबाईंनी पागोटे काढले नाही. त्या तशाच घागर भरून घरी गेल्या. त्या दिवसापासून त्या ते पागोटे घालूनच पाण्याला येतात, आणि चौकातून जाताना सामनेवाल्यांच्या दाराशी घटकाभर उभ्या राहतात.

११. इकडे अर्जदाराने आपले पागोटे परत मागितले. उत्तर मिळाले की ह्या मताबद्दल वाद आहे, वादातील वस्तू पुरावा असते, आणि पुरावा अध्यक्षाच्या लोखंडी पेटीत राहतो. आज पाच दिवस पागोटे कुलपात आहे. अर्जदार मदरशात टोपी घालून जातो व हेडमास्तर साहेब रोज विचारतात, "क्यों मास्टर, आज भी सफर?" ते सोसता येईल. पण दत्तजयंतीला हरिदासबुवांना बुक्का लावून हार घालायचा तो यजमानाने पागोटे घालून, अशी आमची रीत आहे. टोपी घालून हार घातला तर बुवा काही बोलणार नाहीत, पण अर्जदारालाच तो हार घातल्यासारखा वाटणार नाही.

१२. कायद्याच्या बाजूने अर्जदाराचे म्हणणे असे. नोटिशीत ज्याचे नाव नाही तो विषय सभेत येऊ नये. "इतर" ह्या एका शब्दात देवाचे कीर्तन कोंबता येत नाही. दुसरे, ज्याच्या मनाला दृष्टांत लागला त्यानेच त्या दृष्टांताचा निवाडा करू नये. अशा वेळी अध्यक्षाने खुर्चीवरून उतरावे आणि पागोट्यांना हात लावू नये. तिसरे, हरिदास ही वस्तू नव्हे. वस्तू असता तर सामनेवाल्यांनी मागील साली त्यांचेही वजन केले असते. (हे वाक्य रागात लिहिले गेले, खोडले तर कागद खराब होईल म्हणून ठेवले आहे.) चौथे, जी बाई घराचा सारा भरते, विहिरीचा गाळ काढायला वर्गणी देते आणि सभेस वेळेवर येते, तिचे डोके नियमात बसत नसेल तर नियम रुंद करावा.

१३. सबब प्रार्थना की, कार्तिक वद्य एकादशीचा ठराव रद्द व्हावा. अर्जदाराचे पागोटे पेटीतून सुटावे. घर नंबर ८ चे मत घर नंबर ८ मध्ये राहणाऱ्या माणसाचे धरावे. आणि सातवे कलम, जे अर्जदाराच्या आळसातून जन्मले, ते हुजुरांनी काढून टाकावे. ह्यापुढे पोहऱ्याची सभा असली तरी अर्जदार तिला जातीने बसेल, मग देवणीला कोणीही हरिदास येवो. हे सोपे नाही, पण लिहून देतो. आणि एवढे सगळे होणे नसेल, तर निदान कीर्तन तरी व्हावे. अर्जदाराला जास्त काही नको. ती खाट एकदा दाराकडे फिरावी, एवढ्यासाठी हा कागद आहे.

सरकारचा ताबेदार आणि तूर्त टोपीवाला,
अवधूत व्यंकटराव हंडरगुळीकर
उदगीर, ता. २५ दय १३४५ फसली, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी.

सोबत : करारनाम्याची नक्कल. ठरावाची नक्कल. जमावाची परवानगी. ह्या अर्जाचा उर्दू तर्जुमा (अर्जनवीसांना "उत्तररंग" ह्यास शब्द सापडला नाही, तेथे जागा कोरी आहे). पागोटे जोडावयाचे होते, परंतु सामनेवाल्यांच्या पेटीत आहे.

अध्यक्षांचा शेरा, कलम ११ प्रमाणे :
अर्ज वाचला. पाने मोजली, सहा. अर्जाच्या कलम ४ मध्ये चूक आहे. तूप नव्हते, तेल होते, करडईचे. वजन नियमाप्रमाणे केले व बरोबर भरले. काट्यावर थेंब सांडले ते मी आपल्या रुमालाने टिपून परत भांड्यात पिळले, ते बुवांनी सांगितले नाही. बाकी मजकूर खरा आहे. — अण्णाराव शिवराम कमठाणे.

ता. क. : करारनाम्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे मंडळीविरुद्ध सरकारात द्यावयाचा कागद आधी अध्यक्षास दाखवावा लागतो, म्हणून हा अर्ज काल सामनेवाल्यांकडे दिला होता. आज सकाळी वरील शेरा मारून ते स्वतः अर्ज घेऊन आमच्या घरी आले. बुवांचा दृष्टांत सामनेवाल्यांच्याच नाक्यावर खरोखर घडलेला होता, हे अर्जदारास तेव्हा कळले. सामनेवाले उंबऱ्याशी उभे राहिले आणि खाटेकडे बघून म्हणाले, "वहिनी, ते तेल होतं."

कुटुंब भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "असंल की भावजी. पण दिवा लागला ना?"

"लागला की. मी बघून आलो होतो देवळात."

"मग बुवांना एवढंच सांगू. पुढचं त्यांनी सांगावं, आन् लोकांनी ऐकावं."

सामनेवाल्यांनी रुमाल काढून चश्मा पुसला. मग पागोटे परत देतो म्हणाले. ठरावही फिरवतो म्हणाले. पण लगेच त्यांनीच सांगितले की ठराव फिरवायला सभा पाहिजे, सभेला पंधरा दिवसांची नोटीस पाहिजे, आणि दत्तजयंती तर दहा दिवसांवर. पुरावाही सभेवाचून सुटत नाही. त्यांची इच्छा झाली तरी त्यांच्याच्याने नियम मोडवेना. त्यांचा चेहरा बघून अर्जदारालाच वाईट वाटले. शेवटी उपाय त्यांनीच काढला. म्हणाले, "चौकात कीर्तनाला बंदी हाय मास्तर. सरकारी चौकशीला न्हाई."

सबब अर्जदार व सामनेवाले यांची आता एकत्र विनंती की, हुजुरांनी मार्गशीर्ष पौर्णिमेस सूर्य मावळताना चौकात येऊन ह्या प्रकरणाची जागेवर चौकशी करावी. मुख्य साक्षीदार रेणुकादासबुवा उमरीकर. त्यांची जबानी वीणा, टाळ व मृदंग यांवाचून होत नाही, आणि दृष्टांत तेलासह व रुमालासह पुरा सांगावा असे त्यांना आजच्या टपालाने कळविले आहे. पेटीतला पुरावा सामनेवाले त्या वेळी हजर करतील. तो ओळखण्यासाठी अर्जदारास डोक्यावर घालून दाखवावा लागेल. साखराबाई आपला पुरावा घालूनच येणार आहेत.

चौकशीचे कळल्यावर कुटुंबाने खाट फिरवून घेतली. म्हणाल्या, "साहेब येणार म्हंजे दाराकडं पाठ करून कशी पडू?"

हुजुरांस सरकारी कामामुळे येणे जमले नाही तर हरकत नाही. सातवे कलम अजून रद्द झालेले नाही. हुजुरांनी आपली दस्तार, म्हणजे पागोटेच, पाठवावी. ती खुंटीवर ठेवून हुजुरांस हजर समजू आणि मत अध्यक्षाच्या बाजूचे धरू. अध्यक्ष आता कीर्तनाच्या बाजूचे आहेत.